उच्च शिक्षणाचा खर्च : भारत आणि जर्मनी

जुन्नरजवळची लेण्याद्रीची लेणी दात्यांच्या दानातून कोरली गेली. आज जुन्नर-आंबेगावच्या मुलामुलींच्या पदवीमागे सरकारी तिजोरी किती उभी आहे?

• उद्दिष्ट : कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तोच आकडा आहे.

• भारत : केंद्राच्या उच्च शिक्षण विभागाची २०२५-२६ ची तरतूद सुमारे ५०,०७८ कोटी रुपये, म्हणजे जीडीपीच्या ०.१४ टक्क्यांच्या आसपास. राज्यांचा खर्च याशिवाय.

• जर्मनी : उच्च शिक्षणावरील सरकारी खर्च जीडीपीच्या सुमारे १ टक्का. मुख्य भार राज्य सरकारांवर.

• शुल्क : जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत पदवीसाठी शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो पडतात. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी प्रवर्गांतील, वार्षिक ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

शुल्कमाफीचे स्वागतच, पण तालुक्याच्या महाविद्यालयात प्राध्यापक, प्रयोगशाळा आणि वसतिगृहे हवी असतील, तर मूळ तरतूदच वाढायला हवी. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला याचा जाब विचारा.