देवाच्या थट्टेला हसायचं की नाही?

इंदूरच्या मराठी प्रेक्षकाची एक गंमत मी बरीच वर्षं बघते आहे. रंगमंचावर पुढाऱ्याची टर उडाली की सभागृह ताबडतोब हसतं. नवरा-बायकोच्या भांडणाला तर वाक्य पुरं व्हायच्या आत हशा येतो. पण नट देवावर काही बोलला, की क्षणभर सगळं गप्प होतं. त्या क्षणात माणसं हळूच शेजारी बघतात. सासूबाई हसल्या का? हसल्या, मग सूनही मोकळी होते. नाही हसल्या, तर सूनबाई पर्समध्ये उगाच काहीतरी शोधू लागतात.

यामागे आमच्याकडची एक सोयही आहे. महाराष्ट्रातली नाटकं इथे येतात ती मुख्यतः सानंद न्यासामुळे. खंडवा रोडवर देवी अहिल्या विद्यापीठाचं सभागृह आहे. तिथे दोन दिवसांत एकाच नाटकाचे पाठोपाठ प्रयोग होतात. सभासदांचे समूह पाडलेले आहेत आणि त्यांना मामा मुजुमदार, राहुल बारपुते, वसंत, बहार अशी नावं आहेत. पुण्या-मुंबईचा माणूस जाहिरात बघून नाटक निवडतो. ज्याला पौराणिकाचं विडंबन खपत नाही, तो त्या दिवशी घरी बसतो. आमच्याकडे वर्गणी आधीच भरलेली असते. त्यामुळे रोज गणपती अथर्वशीर्ष म्हणणारे आजोबा आणि देवघराकडे ढुंकूनही न बघणारा त्यांचा नातू एकाच रांगेत बसून एकच नाटक बघतात. समीक्षा खरी सुरू होते ती घरी जाताना, गाडीत.

आमच्या शेजारच्या काकूंचं मत ठाम आहे. ‘‘माणसांत हसण्यासारखं कमी आहे का, म्हणून देवाला मध्ये ओढायचं?’’ काकांचं उत्तर ठरलेलं : ‘‘अगं, देव घरचा आहे म्हणून थट्टा. परक्याची थट्टा करतो का आपण?’’ ह्या दोन वाक्यांत सगळा वाद आला, असं मला वाटतं. बरेच परीक्षण लिहिणारेही याच्यापुढे फारसे जात नाहीत.

इतिहास काकांच्या बाजूचा आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं आणि तिथून मराठी नाटकाची वर्षं मोजली जातात. आश्रयदाते चिंतामणराव पटवर्धन गणपतीचे निस्सीम भक्त. ह्या नाटकांत मंगलाचरण झालं की पहिल्यांदा येई तो झाडपाल्याच्या वेशातला विदूषक. सूत्रधाराशी वेडगळ बोलून तो हशा पिकवी, मग गणपती येई आणि त्यानंतर सरस्वती नाचत येई. म्हणजे गणेशभक्त राजाच्या पदराखाली, देवाच्या आधी विदूषकाची एंट्री! कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. तमाशातही तसंच. गण म्हणून गणपतीला हात जोडून झाले की लगेच गौळण, आणि गौळणीत मावशी आणि पेंद्या मिळून खुद्द कृष्णाची फिरकी घेणार. तुमच्या सीमाभागातल्या वाचकांनी बेळगाव-चिकोडीकडचं श्रीकृष्ण पारिजात बघितलं असेल. रुसलेली सत्यभामा आणि तोंडाळ दूती यांच्यापुढे द्वारकेच्या राण्यांचा आब तो काय राहतो? आमच्या माळव्याच्या माचमध्ये सुरुवातीला भिश्ती येऊन पाणी शिंपडतो, फर्रासन येऊन जाजम अंथरते, आणि पुढे शेरमारखाँ नावाचा विदूषक राजाच्या कथेतही लुडबुडतो. लोककलेत देव आणि टवाळ एकाच मांडवात राहत आले आहेत.

‘वस्त्रहरण’ हे त्यातलंच, शहरात आलेलं. गंगाराम गवाणकरांच्या ह्या मालवणी नाटकाचा पहिला प्रयोग १९८० सालचा. गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरण बसवतात आणि त्याचा जो बोजवारा उडतो, तेच नाटक. महाभारतातला इतका दारुण प्रसंग, आणि प्रेक्षक पोट धरून हसतो! सुरुवातीला गर्दी बेताचीच होती. मग पु. ल. देशपांड्यांनी मनापासून दाद दिली आणि चित्र पालटलं. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच घराघरांत पोचला आणि प्रयोग पाच हजारांच्या पुढे गेले. ही थट्टा द्रौपदीची नाही, सोंग आणणाऱ्यांची आहे, हे प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पुढे संतोष पवारांच्या ‘यदा कदाचित’ने महाभारताची आणखी मोकळी उलथापालथ केली. त्यालाही तुडुंब गर्दी झाली आणि विरोधही झाला.

आणि मग आलं २००८ साल.

‘आम्ही पाचपुते’ हेही महाभारताचंच विडंबन. त्याच्या प्रयोगाच्या वेळी ३१ मे रोजी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला. तो निकामी करण्यात आला. ४ जूनला ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळात स्फोट झाला आणि सात जण जखमी झाले. खटला चालला. २०११ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोघांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि चौघांना सोडून दिलं.

ह्या दोन नाट्यगृहांच्या नावांवर मी कितीदा तरी थांबले आहे. एक विष्णुदास भाव्यांचं, ज्यांच्या नाटकात देवाच्या आधी विदूषक येई. दुसरं राम गणेश गडकऱ्यांचं, ज्यांच्या ‘एकच प्याला’त तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात शास्त्री आणि खुदाबक्ष एका बैठकीत पेला उचलतात. ते नाटक १९१९ सालचं! आणि जखमी कोण झालं? वाहनतळ ही काही विडंबनाची जागा नाही. तिथे महाभारतावर कुणी विनोद केला नव्हता.

नाटक न आवडणं हा प्रेक्षकाचा हक्कच आहे. काकूंना नाही आवडत, त्या हसत नाहीत, घरी येऊन काकांना चार शब्द सुनावतात. नटाला त्यांचं न हसणं तिसऱ्या रांगेतून बरोबर ऐकू जातं. विनोदी नटाला याहून मोठी शिक्षा नाही. पण ती शिक्षा द्यायला आधी खुर्चीत बसावं लागतं.

समीक्षकांचं म्हणाल, तर त्यांची खरी परीक्षा ‘घाशीराम कोतवाल’ने घेतली. तो विनोद काळा आहे, हसता हसता घशाशी येणारा. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्यमंदिरात पहिला प्रयोग झाला. नाचणारा गणपती, ब्राह्मणांची माणसांनीच बनलेली भिंत, कीर्तन आणि बावनखणी यांची एकात एक गुंफण. देवासमोर मुलीची छेड काढणारा नाना त्याच गणपतीच्या दोन बायकांकडे बोट दाखवून स्वतःचं समर्थन करतो, तेव्हा प्रेक्षक हसतो आणि लगेच अस्वस्थ होतो. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, मोहन आगाशे नाना. मराठीत असं काही झालं नव्हतं, असं म्हणणारे निघाले. नाना फडणविसांची बदनामी आहे, ब्राह्मणद्वेष आहे, असं म्हणणारेही निघाले. तेंडुलकर सांगत राहिले की हे ऐतिहासिक नाटक नव्हेच. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबवलं. कलावंत बाहेर पडले, त्यांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये ते युरोपला निघालं तेव्हा पुन्हा गदारोळ झालाच.

आम्हा इंदूरकरांना ह्या नाटकात आणखी एक बोचणी आहे. घाशीराम हा कनौजचा ब्राह्मण. पोट भरायला उत्तरेतून पुण्यात आलेला, आणि पुण्याने चोर ठरवून हाकललेला. आमचे पूर्वज होळकरांच्या मागून उलट दिशेने इकडे आले. त्यांना माळव्याने असं वागवलं असतं तर? नाटकातल्या देवाधर्मावर वाद घालणाऱ्यांना हा प्रश्न फारसा पडलेला दिसत नाही.

आणि वाद फक्त मराठीतच होतात असं नाही. आमच्याच मध्य प्रदेशात २००३ च्या ऑगस्टमध्ये हबीब तन्वीर यांच्या ‘पोंगा पंडित’चे प्रयोग ग्वाल्हेर, होशंगाबाद, विदिशा अशा गावांत गोंधळ घालून अडवले गेले. हे छत्तीसगडी नाचाच्या कलावंतांनी १९३० च्या दशकात रचलेलं प्रहसन. ‘जमादारिन’ हे त्याचं दुसरं नाव. पुजाऱ्याचं सोवळं-ओवळं आणि त्याची हाव यांची टिंगल. खेड्यापाड्यांतले भाविक लोक ते अनेक दशकं बघून हसत होते. विरोध सुरू झाला तो १९९२ नंतर. नाटक तेच होतं, हवा बदलली होती.

आता माझं मत. ह्या विडंबनांतलं सगळंच मला आवडतं असं नाही. पुष्कळदा देव नुसता निमित्ताला असतो आणि विनोद येतो तो तोतऱ्यावर, जाड बाईवर, साडी नेसलेल्या पुरुषावर. तिथे मला लेखकाचा आळस दिसतो. भिकार विनोदाला हसायचं नाही, मग तो देवावर असो की मेहुण्यावर. ‘वस्त्रहरण’ आणि ‘घाशीराम’ टिकले, कारण त्यांचा नेम पक्का होता. एकाने सोंग पकडलं, दुसऱ्याने सत्ता. धीट संवादांचं कौतुक करणारे परीक्षक हा फरक क्वचितच सांगतात. ‘निखळ मनोरंजन’ लिहिलं की त्यांचं काम झालं.

अलीकडे सकाळच्या एका प्रयोगाला माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, गंध लावलेले. पहिल्या अंकात देवावरचे दोन विनोद झाले, तसे ते मध्यंतरात उठले. नात म्हणाली, ‘‘आजोबा, चाललात?’’ ते म्हणाले, ‘‘हो. मला नाही पटत. तू बघ पूर्ण, आणि शेवट काय होतो ते मला सांग.’’ मग त्यांनी चपला शोधल्या, बाहेर जाऊन चहा घेतला आणि दुसरा अंक संपेपर्यंत पायरीवर बसून राहिले. नात बाहेर आली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘मग? त्या पुजाऱ्याचं काय झालं?’’