प्रलयोत्तर लघुचित्रपट आणि प्रेक्षकांचा अभिप्राय

नाटक किंवा चित्रपट संपल्यावर प्रेक्षक जे बोलतो, त्यास आपण सामान्यतः ‘अभिप्राय’ म्हणतो. परंतु या एका शब्दाच्या पोटात आवड, आक्षेप, आठवण आणि परीक्षण अशा चार भिन्न गोष्टी नांदत असतात. त्यांची निवड केल्याशिवाय अभिप्रायाचे मोल ठरत नाही. विज्ञानकथेच्या बाबतीत ही निवड अधिकच अवघड होते. जे जग अद्याप अस्तित्वात नाही, त्याविषयी खरेखोटे कशाच्या आधारे ठरवावे, हा प्रश्न तेथे प्रथमच उभा राहतो. या प्रश्नाचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करावा, असे आम्ही योजिले आहे.

केनियाच्या दिग्दर्शिका वानुरी काहिऊ यांनी २००९ मध्ये ‘पुम्झी’ हा सुमारे एकवीस मिनिटांचा लघुचित्रपट निर्माण केला. २०१० मध्ये तो अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात दाखविला गेला. स्वाहिली भाषेत ‘पुम्झी’ म्हणजे श्वास. पाण्यासाठी झालेल्या तिसऱ्या महायुद्धाला पस्तीस वर्षे लोटली आहेत. पृथ्वीचा पृष्ठभाग उजाड झाला असून पूर्व आफ्रिकेतील एक समाज बंदिस्त वसाहतीत राहतो. घाम व मूत्र शुद्ध करून तेच पाणी पुन्हा प्यावयाचे, शरीरश्रमाने यंत्रे फिरवून वीज निर्माण करावयाची आणि स्वप्न पडलेच तर ते दाबण्यासाठी औषध घ्यावयाचे, असा तेथील जीवनक्रम आहे. निसर्गसंग्रहालयात काम करणाऱ्या आशा नावाच्या तरुणीस कोणीतरी मातीचा नमुना पाठवितो. त्या मातीत जीवन आहे, हे तिला कळते. बाहेर जाण्याची परवानगी अधिकारी मंडळ नाकारते. तेव्हा ती वसाहतीतून निसटते आणि वाळवंटात रोप लावून आपले उरलेसुरले पाणी त्यास देते.

ज्या कोलार धरणाचे पाणी भोपाळ शहर पिते, त्याच नावाच्या रस्त्यावर आमची वस्ती आहे. येथे स्थायिक झालेली काही मराठी कुटुंबे, शिक्षकबंधुभगिनी आणि वरच्या इयत्तांतील विद्यार्थी यांच्यासमवेत आम्ही हा चित्रपट पाहिला व नंतरच्या चर्चेतील मते टिपून ठेवली. ती तपासताना अभिनवगुप्ताचार्यांनी ‘अभिनवभारती’त सांगितलेल्या सात रसविघ्नांचे आम्हास वारंवार स्मरण झाले. हजार वर्षांपूर्वीचे ते विवेचन या नव्या कलाप्रकारास आश्चर्यकारकपणे लागू पडते.

पहिला आक्षेप विज्ञानशिक्षकांचा होता. माणसांच्या श्रमांतून एवढ्या वसाहतीस पुरेल इतकी वीज कशी मिळणार? धडधाकट मनुष्य दीर्घकाळ श्रम करून जेमतेम शंभर वॉटच्या आसपास शक्ती देऊ शकतो, हे लक्षात घेता हा आक्षेप रास्त आहे. उलट, मूत्र शुद्ध करून पिण्याची कल्पना काहींना अशक्य वाटली. ती मात्र वस्तुस्थिती आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात अशी योजना चालते आणि २०२३ मध्ये तेथे ९८ टक्के पाणी परत मिळविण्यापर्यंत मजल गेली. या प्रकारच्या आक्षेपांचे मूळ ‘संभावनाविरह’ या विघ्नात आहे. जे घडूच शकत नाही असे वाटते, त्यात मन रमत नाही. तथापि संभाव्यतेची कसोटी प्रयोगशाळेतील नव्हे. कथेने एकदा मांडलेले नियम कथेने पाळले की नाहीत, एवढेच तेथे पाहावयाचे असते. आणि ‘पुम्झी’ ते पाळतो.

दुसरा मतभेद शेवटाविषयी झाला. आशा रोपाला सावली देत वाळूत आडवी होते, दृश्य दूर दूर सरकते आणि चौकटीच्या कडेला हिरवे अरण्य दिसू लागते. ते अरण्य तिच्या त्यागातून पुढे वाढले, असे काहींचे मत पडले. ते आधीपासूनच तेथे होते व ती अवघ्या काही अंतराने चुकली, असे इतरांना वाटले. पहिल्या अर्थाने चित्रपट करुणातून आशेकडे जातो, दुसऱ्या अर्थाने तो घोर विडंबना ठरतो. ‘संशययोग’ हेही विघ्नच खरे. पण येथे संशयाने प्रेक्षक कृतीपासून दूर गेला नाही, उलट पुन्हा तिच्याकडे वळला. नायिकेच्या नावामुळे मराठी प्रेक्षकांचा कल पहिल्या अर्थाकडे झुकला, हेही नमूद केले पाहिजे. तो अर्थ आपल्या भाषेने चित्रपटास दिलेला आहे.

तिसरा अभिप्राय सर्वांत मोलाचा होता. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरमधील रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला, तेव्हा लहान असलेल्या एक बाई आमच्यात होत्या. शीर्षकाचा अर्थ कळताच त्या स्तब्ध झाल्या. अभिनवगुप्तांच्या मते स्वतःच्या सुखदुःखाने विवश झालेल्या मनास रसास्वाद घेता येत नाही. परंतु या बाईंनी बोट ठेवले ते उजाड भूमीवर नव्हे, तर परवानगी नाकारण्याच्या प्रसंगावर. प्रलयानंतर माणसे थोडी उरतात, पण कचेऱ्या आणि कागद पूर्ण उरतात, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. १९८९ च्या ४७ कोटी डॉलरच्या तडजोडीनंतरही दाखले व कागदपत्रे घेऊन वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्यांचे हे शहर आहे. कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा तेथून हलविला गेला तो २०२५ च्या जानेवारीत. हे ज्याने पाहिले, त्यास त्या प्रसंगाचे मर्म प्रथम उमगावे, हे स्वाभाविक होय.

म्हणून आमचे मत असे की, वैयक्तिक दुःखास सरसकट विघ्न मानू नये. दुःख प्रेक्षकास कलाकृतीबाहेर घेऊन गेले तर ते विघ्न. त्याने कलाकृतीतील एखादे स्थळ उजळले तर ते सहृदयतेचेच साधन. भेद ओळखण्याची खूण सोपी आहे. अभिप्राय देणाऱ्याने कलाकृतीतील नेमके स्थळ दाखविले आहे काय, एवढेच विचारावे. आवडले किंवा नावडले हे उत्तर तेथेच संपते; अमुक प्रसंगामुळे असे वाटले, हे उत्तर दुसऱ्यास पुन्हा पाहावयास लावते.

वर्गात अभिप्रायलेखन शिकविताना ठरावीक उत्तरास गुण देण्याचा मोह शिक्षकांनी टाळावा. काय पाहिले, काय वाटले आणि कोणत्या स्थळी वाटले, हे तीन प्रश्न पुरेत. मात्र ज्या विद्यार्थ्याच्या घरी खरा प्रलय येऊन गेला आहे, त्यास बोलण्याची सक्ती नसावी. आणि तो बोललाच, तर त्याचे म्हणणे ‘विषयांतर’ म्हणून खोडू नये.