वेदाभ्यासाला जर्मन कशाला?

ऋग्वेद अभ्यासणाऱ्याने जर्मन शिकावे, हे ऐकून पुष्कळांना हसू येते. परंतु बोटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा संस्कृत कोश १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्गला निघाला, त्यातील अर्थ जर्मनमध्येच आहेत. गेल्डनरचे ऋग्वेदाचे भाषांतरही जर्मनच. या विद्यार्थ्याला जर्मन वाचता आले म्हणजे पुरे. बाजारहाटाची वाक्ये घोकण्यात त्याचे वर्ष दवडणे मला तरी पटत नाही. लांबलचक शब्दांनी तो प्रथम दचकतो खरा. पण समासविग्रहाची सवय त्याला असतेच. गौण वाक्यातले क्रियापद शेवटी येते, तेही मराठीसारखेच. घात करतात ती बारीक अव्यये. ‘वोल’ म्हणजे ‘बहुधा’. एवढासा शब्द नजरेतून निसटला, की पंडिताने भीतभीत मांडलेला तर्क विद्यार्थ्याच्या वहीत सिद्धान्त होऊन बसतो, आणि पुढे प्रबंधातही.