सराफ्यातील खोली आणि मुंबईचे यंत्र

जबलपूरच्या जुन्या वस्तीत सराफा हा सोन्याचांदीच्या दुकानांचा भाग आहे. अशा एखाद्या दुकानाच्या माडीवर लग्नसमारंभांची चित्रफीत जुळवून देणारा संपादक बसला आहे, अशी कल्पना करू. मंगळसूत्राचे निकटदृश्य त्याला दोन क्षण अलीकडे आणावयाचे आहे. पण पडद्यावरील चित्र जागचे हलत नाही. नव्या कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये उलगडणे त्याच्या साध्या संगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. दमदार यंत्र घ्यावे तर एका मोसमाची कमाई त्यात जाईल, आणि लग्नसराई सरल्यावर ते धूळ खात पडेल. तेव्हा मोठे यंत्र मुंबईस असावे, चारपाच संपादकांनी ते वाटून घ्यावे आणि प्रत्येकाने आपापल्या गावी बसून त्यावर काम करावे, हे शक्य आहे काय?

यंत्र वाटून घेण्याची कल्पना नवी नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे गणकयंत्र बसविण्यात आले, तेव्हा अनेक विद्यापीठांतील व प्रयोगशाळांतील संशोधक त्या एकाच यंत्रावर आपली गणिते सोडवून घेत. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांची चळत द्यावयाची आणि आपली पाळी आटोपल्यावर उत्तराचे कागद न्यावयाचे, अशी ती रीत होती. दुसरी रीत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनी १९६१ सालीच करून दाखविली होती. यंत्राने प्रत्येकाला क्षणाचा एक अंश द्यावयाचा आणि इतक्या झपाट्याने एकाकडून दुसऱ्याकडे वळावयाचे की, यंत्र केवळ आपलेच आहे असे प्रत्येकास वाटावे. हिला कालविभागणी म्हणतात. आपल्या संपादकास ही दुसरी रीतच उपयोगी. पत्त्यांच्या चळतीने चित्रपट कापता येत नाही.

(असे सामाईक यंत्र म्हणजे ‘सर्व्हर’. त्यासाठी ‘सेवक’ हा शब्द मी लिहून पाहिला व खोडला. ज्याच्या दारी रांग लागते त्यास सेवक म्हणणे मराठी कानास रुचत नाही.)

आता हिशेब पाहू. चित्रफितीत सेकंदाला २५ चित्रे असतील, तर प्रत्येक चित्रास ४० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे ४० सहस्रांश, मिळतात. सर्व्हरच्या चित्रप्रक्रियकास एक चित्र तयार करण्यास ८ मिलिसेकंद लागत असतील, तर चार संपादकांचे काम ३२ मिलिसेकंदांत उरकते. पाचवा आला की ४० पुरे होतात व उसंत राहत नाही. सहावा आला की सर्वांचीच चित्रे अडखळू लागतात. प्रक्रियकाचा वेळ असा पाळीपाळीने वाटता येतो. त्याच्या स्मृतीचे मात्र तसे नाही. सराफाच्या पेढीवरचा काटा पाच जणांना एकामागून एक वापरता येतो, पण तिजोरीतील खण एकाच्या दागिन्यांनी भरला असता दुसऱ्यास देता येत नाही. म्हणून स्मृतीचे वाटे आधीच पाडावे लागतात, आणि पुष्कळदा यंत्राला वेळ असूनही नवा माणूस घेता येत नाही तो याच कारणाने.

सर्व संपादक एकाच क्षणी यंत्रास कामाला लावीत नाहीत. ते पाहतात, विचार करतात, चहा घेतात. या मोकळ्या वेळावरच वाटणीचा सारा फायदा उभा आहे. परंतु तो ताणण्यास मर्यादा आहे. रांगेच्या गणिताच्या सर्वांत साध्या नमुन्यात, कामे अवचित येत असता, निम्मे गुंतलेल्या यंत्रावर एका कामास सरासरी दुप्पट वेळ लागतो. नव्वद टक्के गुंतलेल्या यंत्रावर दसपट. यंत्र भाड्याने देणाऱ्यास नव्वद टक्के हा आकडा गोड वाटतो. सराफ्यातील संपादकास तो लग्नसराईत, ऐन घाईच्या दिवसांत, भोवतो. याला एक चांगला तोडगा आहे: तयार चित्रफीत शेवटी एकसंध काढण्याचे लांबलचक काम हात चालू असलेल्या माणसाच्या मागे ठेवावे, आणि ते मध्येच थांबवून पुन्हा चालू करता यावे. ते रात्री झाले तरी कोणाचे अडत नाही.

अंतराची अडचण वाटते तितकी मोठी नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जबलपूर ते मुंबई हजार किलोमीटर तार धरली, तर जाण्यायेण्यास १० मिलिसेकंद पुरतात. वाटेतील जोडण्यांमुळे प्रत्यक्ष विलंब याच्या कित्येक पट होतो, तरी काम चालते. तेच यंत्र तेरा हजार किलोमीटरांवर अमेरिकेत असेल, तर प्रकाशालाच १३० मिलिसेकंद लागतील. ते कोणत्याही खर्चाने कमी होणार नाहीत, आणि संपादकाचा हात जड झाल्यासारखा वाटेल.

चित्र धाडणे अधिक कठीण आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे एक चित्र सुमारे ६२ लाख बाइटांचे असते. सेकंदाला अशी २५ म्हणजे १२४ कोटी बिट. घरगुती जोडणीस हा भार पेलत नाही, म्हणून चित्र आकसून पाठवितात. येथे एक खुबी आहे. तयार चित्रपट आकसताना यंत्र मागील चित्राबरोबर पुढीलही चित्र पाहून घेते, व त्याने पुष्कळ बचत होते. दूरस्थ संपादनात पुढचे चित्र अद्याप जन्मलेलेच नसते; ते संपादकाच्या बोटावर अवलंबून आहे. ते पाहण्यासाठी थांबावे तर विलंब वाढतो. म्हणून ही बचत सोडावी लागते. ध्वनीचीही काळजी घ्यावी लागते: आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला ते जाणवू लागते, मागे पडला तर मात्र सुमारे १२५ पर्यंत खपून जातो.

सर्वांत मोठी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि जाहिरातींत ती क्वचितच दिसते. एका लग्नाचे मूळ चित्रण ५०० गिगाबाइट भरले आणि घरून वर पाठविण्याचा वेग सेकंदाला ५० मेगाबिट असला, तर सर्व्हरपर्यंत ते पोहोचण्यास सव्वाबावीस तास लागतील. १८७० साली इटारसी व अलाहाबादकडून आलेले लोहमार्ग जबलपुरास जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता रेल्वे अखंड झाली. त्या मार्गाने संध्याकाळी निघालेली तबकडी दुसऱ्या दिवशी मुंबईत असते, म्हणजे तारेच्या आधी.

म्हणून पुष्कळ ठिकाणी मधला मार्ग धरतात. मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती संपादक स्वतःच्या संगणकावर ठेवतो, त्यांवर कापाकापी करतो, आणि कोणते दृश्य कोठून कोठवर घ्यावयाचे याची यादी तेवढी सर्व्हरकडे पाठवितो. फिल्मच्या काळातही संपादक कामचलाऊ प्रतीवरच कात्री चालवीत असे, आणि मूळ निगेटिव्ह मागाहून फितीच्या कडेवरील क्रमांकांवरून कापली जाई. रंगांची जुळणी मात्र हलक्या प्रतीवर विश्वासाने होत नाही. सोन्याचा पिवळा आणि हळदीचा पिवळा यांतला भेद सराफ्यातल्या गिऱ्हाइकाला नेमका कळतो. तेवढ्यापुरता मुंबईच्या यंत्राचा एखादा तास राखून ठेवावा लागतो. आणि तो संध्याकाळी घ्यावयाचा असेल, तर आधी दोनतीन संध्याकाळी जोडणीचा विलंब मोजून पाहावा, केवळ वेगाचा आकडा पाहून पैसे भरू नयेत.