वाटाण्याच्या वाफ्यातला राष्ट्रवाद

सीबीएसईच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातला पहिलाच धडा युरोपातील राष्ट्रवादाच्या उदयाचा आहे. तो सुरू होतो १८४८ सालच्या एका फ्रेंच चित्राने. आपापले झेंडे घेऊन निरनिराळ्या देशांचे लोक रांगेने चालले आहेत, असे ते चित्र. त्याच वर्गाच्या विज्ञानाच्या पुस्तकात फुलाच्या उभ्या छेदाची आकृती असते. पुंकेसर, कुक्षी, परागनलिका, बीजांड अशी नावे पाठ करायची आणि मार्क मिळवायचे. त्यापुढच्या धड्यात मेंडेल आणि त्याचे वाटाणे येतात. विज्ञानाच्या धड्यातला हा माणूस इतिहासाच्या धड्यातल्या त्याच १८४८ सालात वावरत होता, एवढेच नव्हे तर त्या धामधुमीत त्याने एका राजकीय अर्जावर सहीही केली होती. हे मात्र दोन्ही पुस्तकांत नाही.

योहान मेंडेलचा जन्म १८२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या एका खेड्यात, जर्मन बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी झाला. तो भाग आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडिलांना आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावे लागे. आपल्याकडे ज्याला वेठबिगारी म्हणत तीच ही. असेच राबताना लाकडाचा ओंडका अंगावर येऊन ते कायमचे अधू झाले. शिक्षणाला पैसे नव्हते. धाकट्या बहिणीने स्वतःच्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेतला वाटा भावाला दिला, तरीही पुरेना. १८४३ मध्ये ब्रनो शहरातल्या ऑगस्टिनियन मठात तो दाखल झाला आणि तिथे त्याला ग्रेगोर हे नाव मिळाले.

त्या मठात जर्मन बोलणारे होते तसे चेक बोलणारेही होते. फ्रान्तिशेक माटोउश क्लात्सेल हा चेक तत्त्वज्ञ त्यातलाच. चेक भाषेचा आणि चेक अस्मितेचा तो कडवा पुरस्कर्ता होता. त्याच्या विचारांमुळे त्याला अध्यापनाच्या नोकरीवरून काढले गेले होते. मठातली प्रयोगाची बाग मेंडेलच्या आधी याच क्लात्सेलच्या देखरेखीखाली होती. म्हणजे जर्मनभाषक मेंडेलला झाडांचे पहिले धडे देणाऱ्यांत एक चेक राष्ट्रवादी होता.

१८४८ च्या मार्चमध्ये व्हिएन्नात उठाव झाला आणि साम्राज्य हादरले. जर्मन राष्ट्रवाद्यांनी फ्रँकफर्टला संसद बोलावली. इतिहासकार पालात्स्की याने आपण चेक आहोत असे सांगून तिथे जायला नकार दिला. वेठबिगारी त्याच वर्षी कायद्याने संपली. संन्याशांनाही नागरिकांचे हक्क द्यावेत, अशी मागणी करणारा अर्ज ब्रनोच्या मठातून नव्या संसदेकडे गेला. त्यावर सहा जणांच्या सह्या होत्या. त्यांत क्लात्सेलची होती आणि ग्रेगोर मेंडेलचीही. अर्जाचे पुढे काही झाले नाही. क्रांती मोडली गेली. क्लात्सेल अखेर १८६९ मध्ये अमेरिकेला निघून गेला.

मेंडेलचे मात्र वेगळेच बिनसले होते. धर्मगुरू म्हणून इस्पितळातल्या रुग्णांच्या उशाशी जाणे हे त्याचे काम. लोकांच्या वेदना त्याला पाहवत नसत, तो स्वतःच आजारी पडे. मठाधिपती नाप यांनी हे ओळखले आणि १८४९ मध्ये त्याला माध्यमिक शाळेत शिकवायला पाठवून दिले. रुग्णसेवेला नालायक ठरलेल्या या माणसाशिवाय आजचे निम्मे वैद्यकशास्त्र उभे राहू शकत नाही, हा नियतीचा विनोदच म्हणायचा. शिक्षक म्हणून तो मुलांचा आवडता होता, पण कायम शिक्षकाची परीक्षा १८५० मध्ये नापास झाला आणि १८५६ मध्ये पुन्हा बसला तेव्हाही जमले नाही. ब्रनोच्या शाळेत चौदा वर्षे तो बदली शिक्षकच राहिला.

त्या १८५६ सालीच वाटाण्याचे काम सुरू झाले. वाटाणाच का, याचे उत्तर त्याच्या फुलात आहे. मागे एक मोठी पाकळी, बाजूला दोन पंख, आणि खालच्या दोन पाकळ्या जुळून झालेली होडी. या होडीत दहा पुंकेसर आणि कुक्षी बंदिस्त असतात. फूल उमलण्याआधी, कळीतच परागकोश फुटतात आणि पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतो. बाहेरच्या मधमाशीला फारसा वाव नाही. म्हणून वाटाण्याचे वाण पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहते. मेंडेलने बियाणे विकणाऱ्यांकडून ३४ वाण आणले आणि दोन वर्षे नुसती त्यांची शुद्धता तपासली. मग कोवळी कळी उघडायची, होडी काढायची, चिमट्याने एकेक पुंकेसर खुडायचा आणि दुसऱ्या वाणाचा पराग कुक्षीवर लावायचा. हे प्रयोग आठ वर्षे चालले आणि त्यांत हजारो झाडे वाढवली गेली.

परागनलिका कुक्षीतून खाली वाढत जाऊन बीजांडापाशी पोहोचते, इथवर तेव्हा माहीत होते. पुढे काय होते यावर भांडण होते. श्लायडेन या नामवंत जर्मन शास्त्रज्ञाने असे मांडले होते की गर्भ परागनलिकेच्या टोकापासूनच होतो, बीजांड म्हणजे केवळ त्याला पोसणारी जागा. बी पुरुषाचे आणि जमीन बाईची, ही आपल्याकडची समजूत शास्त्राच्या भाषेत मांडल्यासारखेच हे होते. मेंडेलने गोल वाटाण्याचा पराग सुरकुतलेल्याच्या फुलावर लावला, आणि सुरकुतलेल्याचा गोलाच्या फुलावर. दोन्ही वेळा निष्पत्ती एकच. आई कोण आणि बाप कोण याने काही फरक पडला नाही. दोघांकडून एकेक घटक येतो, आणि दोघांचे वजन सारखे असते.

विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे मूल जन्मले की आजही बोट सुनेकडेच जाते. हा आजार मुलाला होण्यासाठी आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन सदोष जनुक यावे लागतात. दोघेही वाहक असतात, दोघेही बाहेरून धडधाकट. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. ‘एक आजारी झाले, आता पुढची तिघे चांगली होतील’ असा हिशेब पुष्कळ घरांत केला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे. मेंडेलच्या निबंधातच त्याचे उत्तर आहे. एकूण ७३२४ बियांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या, म्हणजे जवळजवळ तीनास एक. पण एका झाडावर ४३ गोल आणि अवघ्या २ सुरकुतलेल्या निघाल्या, तर दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेल्या. हजारोंचा नियम दोन-तीन लेकरांच्या घराला असा मोजून लावता येत नाही. त्यासाठी रक्ताची तपासणीच लागते, नवऱ्याची आणि बायकोची, शक्यतो लग्नाआधी.

मेंडेलने आपला निबंध १८६५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचला. पुढल्या वर्षी तो छापला गेला आणि पडून राहिला. मठाधिपती झाल्यावर मेंडेल सरकारशी करावरून भांडत बसला, मूत्रपिंडाच्या विकाराने अंगावर सूज चढली आणि १८८४ मध्ये तो गेला. बहिणीचे ऋण त्याने फेडले होते: तिच्या मुलांना त्याने शिकवले, त्यातले दोघे डॉक्टर झाले. निबंधाचा शोध जगाला १९०० मध्ये नव्याने लागला.

आणि मग राष्ट्रवाद पुन्हा वाफ्यात शिरला. या वेळी हातात झेंड्याऐवजी कायदा होता. जर्मनीत १४ जुलै १९३३ रोजी आनुवंशिक आजार असलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला. प्रकरणे चालवायला खास न्यायालये नेमली, त्यांत एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर. सुमारे चार लाख माणसांवर अशी शस्त्रक्रिया झाली. शाळांत वंशशास्त्र सक्तीचे झाले, आणि त्या धड्याची सुरुवात वाटाण्यांनी होई. मुलांना सांगितले जाई की राष्ट्राचे रक्तही असेच शुद्ध करता येते. ज्या वाटाण्यांचा हवाला दिला जात होता, तेच वाटाणे हे खोटे पाडत होते. मेंडेलने दुसऱ्या पिढीतल्या गोल बियांची ५६५ झाडे पुढे वाढवून पाहिली. केवळ १९३ शुद्ध निघाली. ३७२ झाडांत सुरकुती लपलेली होती, पुढच्या पिढीत ती बाहेर आली. अप्रभावी दोष असाच निरोगी दिसणाऱ्यांत दडतो, आजारी माणसांना खच्ची करून तो संपत नाही. हे गणित १९३३ पूर्वीच जीवशास्त्रज्ञांना ठाऊक होते. त्या न्यायालयांत बसणाऱ्या डॉक्टरांना ते समजून घेणे अवघड नव्हते, आणि म्हणून त्यांना अज्ञानाची सवलत देता येत नाही.

ब्रनोलाही याची झळ बसली. १९४५ च्या मे अखेरीस शहरातल्या वीस हजारांवर जर्मनभाषकांना पायी ऑस्ट्रियाच्या सीमेकडे हाकलण्यात आले. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती. १९४८ मध्ये सोव्हिएत संघात लिसेंकोने मेंडेलचे शास्त्रच भांडवलशाहीचे म्हणून बाद ठरवले. १९५० मध्ये तो मठही बंद झाला. मेंडेलचे संग्रहालय तिथे उघडायला १९६५ साल उजाडावे लागले.

सिकलसेलचा एकच जनुक घेऊन जगणाऱ्याला गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे १९५४ मध्ये दिसून आले. म्हणून तो जनुक आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसच्या काही भागांत आणि आपल्या सातपुड्यात टिकून आहे. दोष कशाला म्हणायचे, हे डास किती आहेत यावर ठरले. सुरकुतलेल्या वाटाण्याचा जनुकही १९९० मध्ये सापडला. त्यात पिष्ट तयार करणारे एक विकर बिघडलेले असते, त्यामुळे साखर शिल्लक राहते, दाण्यात पाणी जास्त धरले जाते आणि वाळला की तो आक्रसतो. रगडा करायला लागतो तो गुळगुळीत पांढरा वाटाणा. थंडीत मटारच्या उसळीसाठी शेंगा सोलता सोलता निम्मे दाणे मुले तोंडात टाकतात, तो गोड दाणा बहुधा सुरकुतणाऱ्या वाणाचा असतो.