मोबाईलवरचा फुटबॉल आणि गावचे मैदान



रात्रीच्या लाईटवर केळीला पाणी द्यायला गेलेली पोरं हल्ली मोटारीपाशी मोबाईल धरून बसलेली दिसतात. हाक मारली तर म्हणतात, "थांबा साहेब, पेनल्टी आहे." युरोपातले मोठे सामने आपल्याकडे रात्री साडेबारा-दीडला सुरू होतात, म्हणजे नेमके पाण्याच्या पाळीला! भुसावळ तालुक्यातल्या पोराला मेस्सीच्या बुटाचा रंग ठाऊक असतो. शेजारच्या गावात कोण खेळतो, हे मात्र विचारू नका.

सोशल मीडियाने फुटबॉल घरोघरी पोचवला, पण मैदानं ओस पडली. मुंबईचेच पाहा. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवले. कर्णधार सुनील छेत्रीचे त्यात तीन गोल. बघायला माणसे किती? २,५६९. एवढ्या मोठ्या शहरात!

दुसऱ्याच दिवशी छेत्रीने ट्विटरवर (आताचे एक्स) व्हिडिओ टाकला. आमचा खेळ युरोपाच्या तोडीचा नाही हे त्याने कबूल केले आणि हात जोडले : टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपली. तो त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. लोक पावसात भिजत बसले, भारत ३-० ने जिंकला.

आम्ही विस्तारवाले हे जाणतो. करप्याच्या फवारणीचा मेसेज ग्रुपवर टाकला की अंगठे भरपूर येतात, शिवारफेरीला मोजकी डोकी. दिवस, वेळ, कोणाचे शेत हे सांगून बोलावले, तर माणूस येतो.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठापेठांतल्या तालमींचे संघ खेळतात. संघ आपल्या गल्लीचा, म्हणून माणूस उठून जातो. आपल्याकडे अडते ते जागेवर. पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे साधारण ७१ गुंठे लागतात. तेवढे गावठाणात कुठून आणायचे? पण सात-सात पोरांना अर्धा-पाऊण एकर पुरतो. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. गावाच्या नावावरची पडीक जागा उताऱ्यावर बघा, काटेरी झुडपं काढा, दोन्ही टोकांना बांबू रोवा.

मग ग्रुपवर टाका : रविवार, सकाळी सात, शाळेमागचे मैदान, समोर शेजारचे गाव.