काजव्यांच्या छायाचित्रांचे डिजिटल संपादन

काजव्यांच्या छायाचित्रांचे डिजिटल संपादन म्हणजे रात्री एकाच जागेवरून टिपलेल्या अनेक फ्रेम संगणकावर एकत्र करून काजव्यांच्या प्रकाशाचे एक चित्र तयार करण्याची प्रक्रिया होय. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदरा, घाटघर, रतनवाडी व पुरुषवाडी हा परिसर अशा छायाचित्रणासाठी प्रसिद्ध आहे. तयार झालेले चित्र एका क्षणाचे दृश्य नसते. ती ठरावीक कालावधीतील लुकलुकण्यांची बेरीज असते.

== पार्श्वभूमी ==
काजवा हा लॅम्पिरिडी कुळातील भुंगेरा आहे. ल्युसिफेरिन या द्रव्याचे ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण होऊन त्याच्या शरीरात पिवळसर हिरवा, उष्णता जवळजवळ नसलेला प्रकाश निर्माण होतो. नर-मादी एकमेकांना ओळखण्यासाठी या प्रकाशाचा उपयोग करतात. अकोले तालुक्यात मे महिन्याच्या अखेरीपासून, रोहिणी व मृग नक्षत्रांच्या सुमारास, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर इत्यादी झाडांवर काजवे मोठ्या संख्येने दिसतात. जोराचा पाऊस सुरू झाल्यावर त्यांची संख्या ओसरते.

== छायाचित्रण ==
काजव्यांचा प्रकाश मंद असल्याने कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून एफ/१.४ ते एफ/२.८ एवढे मोठे छिद्र, १६०० ते ३२०० आयएसओ आणि १५ ते ३० सेकंदांचे एक्सपोजर सामान्यतः वापरले जाते. २० मिनिटांचे एकच एक्सपोजर घेतल्यास आकाशाचा उजेड साचून चित्र पांढुरके होते आणि एखाद्या विजेरीच्या झोताने सर्व श्रम वाया जातात. त्याऐवजी ३० सेकंदांच्या ४० फ्रेम घेतल्यास बिघडलेली फ्रेम वगळता येते. झाडे व जमीन यांचे तपशील मिळावेत म्हणून संधिप्रकाशात, कॅमेरा न हलवता, एक आधारभूत फ्रेम आधीच घेतली जाते. सर्व फ्रेम रॉ स्वरूपात साठवणे इष्ट असते.

== संपादनाचे टप्पे ==
# निवड: विजेरी, वाहनांचे दिवे किंवा विमानाच्या प्रकाशरेषा असलेल्या फ्रेम बाजूला काढणे.
# समान संस्करण: सर्व फ्रेमना एकच श्वेत संतुलन लावणे. फ्रेमगणिक रंग बदलल्यास एकाच जातीचे काजवे हिरवे, पिवळे व नारिंगी दिसू लागतात.
# काळा बिंदू ठरवणे: गडद भागातील रंगीत कण (नॉइज) एकत्रीकरणापूर्वीच दाबणे. पुढील टप्प्यात प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ बिंदू राखला जात असल्याने हे कणही साचत जातात.
# एकत्रीकरण: फोटोशॉप, गिम्प यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम एकावर एक स्तररूपात ठेवून ‘लाइटन’ पद्धतीने मिसळणे. सरासरी काढण्याची पद्धत येथे निरुपयोगी ठरते, कारण एकाच फ्रेममध्ये उमटलेला ठिपका सरासरीत पुसला जातो.
# आकाश वेगळे करणे: पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे २० मिनिटांत सुमारे ५ अंश सरकतात व त्यांच्या रेषा उमटतात. त्या नको असल्यास मास्क वापरून आकाश एकाच फ्रेममधून घेतले जाते.
# अंतिम सुधारणा: संवेदकातील दोषामुळे उमटलेले स्थिर लाल-निळे ठिपके काढणे, उजेड-छायेचा समतोल साधणे. रंगांची तीव्रता फार वाढवल्यास काजव्यांचा मूळ पिवळसर हिरवा रंग नाहीसा होतो.

== चित्र व प्रत्यक्ष दृश्य ==
एखादा काजवा दर २ सेकंदांनी एकदा लुकलुकतो असे मानल्यास २० मिनिटांत तो ६०० वेळा उजळतो. तो उडत असल्यास एकट्याचेच शेकडो ठिपके चित्रात उमटू शकतात. त्यामुळे ठिपक्यांच्या संख्येवरून काजव्यांची संख्या ठरवता येत नाही. केवळ अशी चित्रे पाहून आलेल्या पर्यटकाला प्रत्यक्षातील विरळ, लयबद्ध लुकलुक अपुरी वाटण्याची शक्यता असते.

== रीटचिंगची मर्यादा ==
कॅमेऱ्यातील दोष दूर करणे व त्याच ठिकाणी सलग घेतलेल्या फ्रेम एकत्र करणे हे तंत्र निसर्ग छायाचित्रणात प्रचलित आहे. मात्र क्लोन साधनाने ठिपके वाढवणे, दुसऱ्या जंगलातील काजवे चिकटवणे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने ठिपके निर्माण करणे यामुळे चित्राचे नोंदमूल्य संपते. म्हणून चित्राखाली स्थळ, दिनांक, फ्रेमची संख्या व एकूण कालावधी नमूद करावा. उदाहरणार्थ: ‘४० फ्रेम, एकूण २० मिनिटे, एकाच जागेवरून’. मूळ रॉ फायली जपून ठेवल्यास चित्राची पडताळणी करता येते.

== पर्यावरणीय बाजू ==
कृत्रिम उजेडामुळे काजव्यांच्या परस्परसंकेतांत व्यत्यय येतो व प्रजननावर परिणाम होतो. भंडारदरा परिसराचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. फ्लॅश किंवा विजेरीने झाड उजळणे, फांद्या हलवणे व पायवाट सोडून गवतात शिरणे टाळणे आवश्यक असते. झाडाचा आकार उजळ हवा असल्यास तो संधिप्रकाशातील आधारभूत फ्रेममधून घेता येतो. संपादनात साधता येणारी गोष्ट जंगलात दिवा लावून करण्याची गरज राहत नाही.

== हेही पहा ==
* काजवा
* भंडारदरा
* कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य
* डिजिटल छायाचित्रण